मागच्या आवाराची पातळी

दाताच्या डॉक्टरांच्या घरामागचं आवार पूर्वी एका विटा पाडणाऱ्या माणसाचं होतं. त्याने हवी तेव्हा, हवी तिथून माती खणली आणि खणायचा कंटाळा आला तिथे हात झटकून उठला. मग जागा विकून तो निघून गेला. त्याच्या मागे राहिलं ते आवार म्हणजे नुसते खड्डे आणि उंचवटे. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जाणारा माणूस लांबून पाहिला, तर तो क्षणात गुडघ्यापर्यंत दिसे आणि क्षणात नुसता डोक्यापासून मानेपर्यंत.

डॉक्टरांनी घर घेतलं ते जागा मोठी म्हणून. मोठी ती होतीच. “पुढेमागे सपाट करून घेऊ,” असं ते तेव्हा म्हणाले होते आणि ते मनापासून म्हणाले होते. पण रोज सकाळ-संध्याकाळ दुसऱ्यांच्या दाढांमधले खड्डे बुजवून घरी येणाऱ्या माणसाला आपल्या आवारातल्या खड्ड्यांकडे पाहायची इच्छा होत नाही. हे समजून घ्यायला हवं. तेवढ्यात मुलगी मोठी झाली, लग्न करून दूरच्या शहरात गेली, डॉक्टरांचे केस पांढरे झाले आणि आवार होतं तसंच राहिलं.

त्याच आवारात एका सकाळी दोरीवरचे कपडे काढताना डॉक्टरांच्या पत्नीचा पाय खड्ड्यात गेला आणि खुब्याचं हाड मोडलं.

त्या निवृत्त शिक्षिका होत्या. शाळेत कवायत शिकवायच्या, म्हणून सगळी गल्ली त्यांना कवायतबाई म्हणायची. ज्या बाईंच्या एका हाकेसरशी अख्खं मैदान जागच्या जागी थिजायचं, त्या आता हातात काठी घेऊन घरातल्या घरात भिंतीच्या कडेकडेने फिरू लागल्या. ऑपरेशन छान झालं होतं. हाड उत्तम जुळलं होतं. व्यायाम करून घ्यायला येणारी मुलगी दर वेळी हेच सांगून जायची, “काकू चालतात अगदी व्यवस्थित. फक्त पायरी उतरत नाहीत.”

त्या मागच्या व्हरांड्यात खुर्ची टाकून बसायच्या आणि आवाराकडे बघत राहायच्या. काही बोलायच्या नाहीत. हेच डॉक्टरांना सोसेना. त्या रागावल्या असत्या, चार गोष्टी सुनावल्या असत्या, तर डॉक्टरांना बरं वाटलं असतं. तीस-पस्तीस वर्षांच्या संसारात सुनावून घ्यायची त्यांना चांगली सवय होती. गप्प बसलेल्या बायकोपुढे कसं वागायचं, हे मात्र त्यांना कुणी शिकवलं नव्हतं.

“जमीन सपाट झाली की ती उतरेल,” असं त्यांनी मनाशी ठरवलं आणि ती गोष्ट फक्त समोरच्या घरातल्या गृहस्थांच्या कानावर घातली. ही पहिली चूक.

समोरचे गृहस्थ निवृत्त इंजिनियर. त्यांनी नोकरीत असताना एक पूल बांधला होता आणि तो अजून उभा आहे, हे ते ओळखीच्या पहिल्या पाच मिनिटांत सांगत. म्हणून त्यांना सगळे पूलवाले म्हणत. पूलवाल्यांनी डॉक्टरांचं सगळं ऐकून घेतलं, डोळे मिटले आणि गंभीरपणे विचारलं, “सपाट म्हणजे कुठल्या पातळीला?”

डॉक्टर गोंधळले. “सपाट म्हणजे... सपाट.”

“तसं नसतं डॉक्टर. घराच्या जोत्याच्या पातळीला? रस्त्याच्या? की खड्ड्याच्या तळाच्या? घराला उतार दिला तर पाणी तुमच्या स्वयंपाकघरात. रस्त्याला दिला तर रस्त्याचं पाणी तुमच्याकडे. कुठेच दिला नाही तर तळं.”

डॉक्टरांनी सगळं आयुष्य जमिनीवर पाय ठेवून घालवलं होतं, पण जमिनीत एवढं काही असतं हे त्यांच्या ध्यानात आलं नव्हतं.

दुसऱ्याच दिवशी पूलवाले एक लांबलचक पारदर्शक नळी घेऊन हजर झाले. तिच्यात पाणी भरायचं, दोन टोकं दोन ठिकाणी धरायची, की पाणी आपोआप एका पातळीत येतं आणि जमिनीतला फरक कळतो. साधी गोष्ट. फक्त नळीत बुडबुडा राहता कामा नये.

“तोंडाने ओढा,” पूलवाले लांबच्या उंचवट्यावरून ओरडले.

डॉक्टर एका खड्ड्यात उकिडवे बसले होते. त्यांनी नळी तोंडात धरून ओढली. बुडबुडा गेला. त्याच्यामागून पाणीही आलं, आणि नळी बरीच वर्षं पूलवाल्यांच्या गच्चीवर पडलेली असल्यामुळे त्या पाण्याबरोबर आणखीही काही आलं. नेमक्या त्याच वेळी फाटकाशी डॉक्टरांची एक पेशंट उभी होती. तोंडात काहीही घालताना स्वच्छतेची काळजी घ्या, असं डॉक्टरांनी तिला आदल्याच दिवशी समजावून सांगितलं होतं. ती बघत उभी राहिली आणि मग आल्या पावली परत गेली.

शेजारच्या वकीलबाईंनी हे सगळं भिंतीवरून पाहिलं. त्या स्वभावाने चांगल्या. कवायतबाईंच्या दुखण्यात रोज विचारपूस करायला येत. पण भिंतीचा विषय निघाला की त्या कोर्टात उभ्या असल्यासारख्या बोलायच्या.

“डॉक्टर, काय करायचं ते करा. माझ्या भिंतीच्या बाजूला उतार नको आणि माझ्या भिंतीला माती टेकता कामा नये. मैत्री मैत्रीच्या जागी.”

“अहो, मी अजून काही केलेलंच नाही.”

“म्हणूनच आत्ता सांगितलं. नंतर सांगायची पद्धत वेगळी असते.”

परवानगी घ्या, असंही त्यांनीच सुचवलं. डॉक्टर पालिकेच्या कचेरीत गेले. तिथे लांबट खोलीत बरीच टेबलं होती आणि सगळ्या टेबलांवर एकच पंखा फिरत होता. पहिल्या टेबलाने विचारलं, “खोदणार की भरणार?”

“दोन्ही. उंच आहे तिथलं काढून खोल आहे तिथे टाकणार.”

“दोन्ही एका टेबलावर होत नाही. इथे भराव. माती कुठून आणणार?”

“आमच्याच आवारातली.”

“म्हणजे खोदलेली. मग आधी खोदाईची परवानगी आणा.”

खोदाईचं टेबल खिडकीपाशी होतं. तिथल्या माणसाने गालावर हात ठेवून विचारलं, “खोदलेली माती टाकणार कुठे?”

“तिथेच. खड्ड्यात.”

“म्हणजे भराव. मग आधी भरावाची परवानगी आणा.”

डॉक्टर या टेबलावरून त्या टेबलावर इतक्या वेळा गेले, की शिपायाला ते कचेरीतलेच वाटू लागले आणि त्याने त्यांच्या हातात नेऊन द्यायला एक फाइलही दिली. डॉक्टरांनी ती नेऊन दिली. शेवटी ते मधल्या बाकावर बसले. मनाचा अगदी चोथा झाला होता. घरी ती व्हरांड्यात गप्प बसलेली, आणि आपण इथे एका पंख्याखाली आपल्याच मातीचा पत्ता शोधतोय.

तेवढ्यात त्यांचं लक्ष पुन्हा खोदाईच्या माणसाच्या गालाकडे गेलं. इतका वेळ तो हात तिथून हललाच नव्हता.

“आ करा,” डॉक्टर म्हणाले.

सवयीचा आवाज होता. त्या माणसाने आ केला. डॉक्टरांनी त्याला खिडकीच्या उजेडाकडे वळवलं, आत पाहिलं आणि अक्कलदाढ आडवी आली आहे, उद्या दवाखान्यात या, असं सांगितलं. त्या माणसाच्या डोळ्यांत पाणी आलं. ते दुखण्याने होतं की कुणीतरी विचारल्यामुळे, हे कळलं नाही. त्याने इकडेतिकडे पाहिलं आणि हळू आवाजात म्हणाला, “साहेब, तुम्ही खोदाई म्हणू नका, भराव म्हणू नका. बागकाम म्हणा. बागकामाला परवानगीच लागत नाही.”

अशा रीतीने एका सकाळी बागकाम करायला जेसीबी आला.

तो फाटकातून आत येईना. ड्रायव्हर मोठा उत्साही माणूस होता आणि त्याच्या तोंडी सतत ‘जरासं’ हा शब्द असे. “फाटक जरासं काढू,” तो म्हणाला. फाटक काढलं. “खांब जरासा हलवू,” म्हणाला. खांब हलला, आडवा झाला आणि तसाच पडून राहिला. डॉक्टरांनी व्हरांड्याकडे पाहिलं. कवायतबाईंनी पडलेल्या खांबाकडे पाहिलं, डॉक्टरांकडे पाहिलं आणि मान दुसरीकडे वळवली. बऱ्याच दिवसांत त्यांनी दाखवलेली ही पहिली प्रतिक्रिया होती. डॉक्टरांना तेवढ्यानेही जरा धीर आला.

यंत्राने पहिला उंचवटा उचलला. “टाकू कुठे?” ड्रायव्हरने वरून विचारलं.

“त्या कोपऱ्यात,” पूलवाले म्हणाले. ते सकाळपासून डोक्याला हेल्मेट घालून उभे होते.

“त्या कोपऱ्यात नाही!” भिंतीवरून वकीलबाई.

“मग पलीकडच्या.”

“पलीकडे उताराचं गणित बिघडतं,” पूलवाले.

“मग तुम्ही जरासं ठरवा,” असं म्हणून ड्रायव्हरने ती माती आवाराच्या मधोमध ओतली. दुसरा उंचवटाही तिथेच ओतला. तिसराही. दोघांचा वाद चालू राहिला आणि ढीग वाढत गेला. दुपार होईपर्यंत आवारात पूर्वी कधीच नव्हता एवढा मोठा डोंगर तयार झाला. खड्डे होते तिथे होते. डॉक्टर डोंगराच्या पायथ्याशी उभे होते. उंच दिसावं म्हणून त्यांनी पाठ ताठ केली, पण डोंगरापुढे ते फारच लहान दिसत होते.

आणि मग भिंतीजवळच्या कोपऱ्यात यंत्राचा दात कशात तरी अडकला. ड्रायव्हर म्हणाला, “जरासं ओढतो.” मोठा आवाज झाला आणि जमिनीतून पाण्याचा फवारा उडाला. पूलवाल्यांच्या हेल्मेटपेक्षाही उंच.

“साहेब, पाणी लागलं!” ड्रायव्हर आनंदाने ओरडला. विहीर खणताना झालं असतं, तर तो आनंद योग्यच ठरला असता.

“झरा,” पूलवाल्यांनी निदान केलं. “अशा जमिनीत असतो.”

वकीलबाईंनी भिंतीवरून हवेचा वास घेतला. “झऱ्याला क्लोरीनचा वास येतो का हो?”

त्याच क्षणी रस्त्यावरून आरोळ्या ऐकू यायला लागल्या. गल्लीतले सगळे नळ एकदम कोरडे पडले होते. ड्रायव्हरने घड्याळ पाहिलं. मला आणखी एका ठिकाणची वेळ दिलेली आहे, उद्या सकाळी येऊन राहिलेलं पुरं करतो, असं सांगून तो आडव्या खांबावरून यंत्र काढून निघून गेला.

डॉक्टरांनी पाणीपुरवठ्याला फोन लावला. तिकडून कुणीतरी नकाशा उलगडल्याचा आवाज आला. मग उत्तर आलं, “तुमच्या आवारातून आमची लाइन जातच नाही.”

“अहो, फुटलीये ती! मी तिच्यावर उभा आहे!”

“नकाशात नाही.”

“तुम्ही येऊन तर बघा.”

“साहेब, जी लाइन नाही ती बघायला माणूस कसा पाठवणार?”

डॉक्टरांनी फोन ठेवला. त्यांनी पँट गुडघ्यापर्यंत वर केली, एक जुनी चादर आणली आणि चिखलात बसून फुटलेल्या पाइपात कोंबली. दात काढल्यावर रक्त थांबवायला कापूस दाबून धरतात, तसंच. दाबून धरलं की फवारा कमी होई, हात काढला की पुन्हा उडे. थोडक्यात, आता त्यांना तिथून उठता येत नव्हतं.

अशा अवस्थेत अख्खी गल्ली बादल्या घेऊन आवारात शिरली. फाटक नव्हतं, खांबही नव्हता, त्यामुळे कुणाला अडवायचा प्रश्नच नव्हता. बादल्या, घागरी, पातेली, एकाने तर कपडे धुवायच्या मशीनची टाकी आणली. नळीच्या दिवशी परत गेलेली पेशंटही आली. चिखलात बसलेल्या डॉक्टरांना बघून ती जराशी थबकली आणि म्हणाली, “डॉक्टर, तुम्ही दाढेत भरलेलं निघालं हो माझं.”

“आज सगळंच निघालंय,” डॉक्टर खालूनच म्हणाले. “उद्या या.”

पूलवाल्यांनी तांत्रिक देखरेखीच्या नावाखाली आपला मोठा ड्रम थेट फवाऱ्याखाली लावला होता. तो भरेपर्यंत बाकी कुणाला जागा नव्हती. वकीलबाई बादली घेऊन भिंतीला वळसा घालून आल्या आणि हे पाणी सार्वजनिक आहे, असं म्हणाल्या. पूलवाले म्हणाले, ते डॉक्टरांच्या आवारात आहे. मागचे ढकलू लागले. एकजण घसरला. त्याच्या घागरीचं पाणी दुसऱ्याच्या डोक्यावर पडलं. मग आवाज चढले. जुनी भांडणं, पार्किंगची, कचऱ्याच्या डब्याची, कुणाच्या कुत्र्याची, सगळी एकेक करून बाहेर यायला लागली. कुणीतरी कुणाच्यातरी बादलीला लाथ मारली. डॉक्टर चिखलातून “अहो, अहो” म्हणत होते. त्यांच्याकडे कुणाचं लक्ष नव्हतं.

“थांबा!”

ढकलाढकली जिथल्या तिथे थांबली. डॉक्टरांनाही क्षणभर वाटलं की पाणीसुद्धा थांबलं. व्हरांड्याच्या कडेशी कवायतबाई काठी टेकून उभ्या होत्या.

“एका रांगेत. रांग त्या झाडापासून सुरू. म्हातारी माणसं आणि कडेवर मूल असलेल्या बायका पुढे. एकाला एक भांडं. चला!”

लोक हलले. मोठी माणसं, पण शाळेतल्या मुलांसारखी हलली. दोघांनी तर सवयीने हात लांब करून अंतर घेतलं. पूलवाल्यांनी मात्र ऐकू आलंच नाही असं दाखवून ड्रम धरून ठेवला.

“अहो इंजिनियर! ड्रम बाजूला.”

पूलवाले हेल्मेट सारखं करू लागले.

तेव्हा कवायतबाईंनी काठी पुढे केली आणि पायरी उतरल्या.

डॉक्टरांनी ते पाहिलं. चिखलातून, फवाऱ्याच्या पलीकडून पाहिलं. त्यांच्या तोंडाशी हाक आली होती, “अगं, जपून!” ती त्यांनी आतल्या आत दाबून धरली, पाइपावर हात होता त्याहूनही जास्त जोर लावून. हाक मारली असती, तर तिने खाली पाहिलं असतं. तिने खाली पाहायला नको होतं. ती दुसरी पायरी उतरली. जुन्या खड्ड्याला वळसा घालून गेली, उरल्यासुरल्या उंचवट्यावर काठी रोवून चढली, उतरली. रोज कपडे वाळत घालून पाठ झालेली जमीन होती ती. नजर एकसारखी त्या ड्रमवर, आणि चेहऱ्यावर तोच जुना मैदानावरचा राग. डॉक्टरांना तो राग इतका सुंदर कधी वाटला नव्हता.

ड्रम बाजूला झाला. पूलवाले रांगेच्या शेवटी जाऊन उभे राहिले. त्यांनी हेल्मेटही काढलं.

शेवटची बादली भरेपर्यंत कवायतबाई तिथेच उभ्या होत्या. कुणाला किती, कुणाच्या घरी आजारी माणूस आहे, कुणाला दुसरी फेरी द्यायची, सगळं त्यांनी ठरवलं. आवाज बसत आला तरी थांबल्या नाहीत. गल्ली पांगली. मग त्यांनी पहिल्यांदाच खाली पाहिलं. पायाला चिखल, साडीच्या काठाला चिखल, आणि व्हरांडा बराच लांब.

“अहो,” त्या हळूच म्हणाल्या.

“काय गं?”

“मी इथे कशी आले?”

“चालत.”

त्यांचा हात काठीवर घट्ट झाला. “मग आता परत कशी जाऊ?”

“तशीच. नाहीतर थांब, मी येतो.”

डॉक्टर उठले. हात निघाला, चादर उडाली आणि फवारा सरळ दोघांच्या अंगावर आला. कवायतबाईंनी डॉक्टरांचा दंड धरला आणि व्हरांड्यापर्यंतच्या वाटेवर गेल्या कित्येक महिन्यांचं सगळं सुनावलं. फाटक कुणाला विचारून काढलं, चांगली चादर का घेतली, या वयात तोंडाने नळी ओढतात का, आणि घर घेतलं त्याच वर्षी हे आवार सपाट का नाही केलं. शेवटचं वाक्य बोलताना त्या रडल्या. डॉक्टर “हो, हो” म्हणत एकेक खड्डा चुकवत होते. किती दिवसांनी घरात आवाज आला होता.

पाण्याचं वकीलबाईंनी निस्तरलं. त्यांनी पाणीपुरवठ्याला फोन करून एवढंच विचारलं, की लाइन पालिकेची नसेल तर हे पाणी यापुढे डॉक्टरांचं समजायचं का, तेवढं लेखी द्या. चहा पिऊन होईस्तोवर माणसं येऊन पाइप जोडून गेली. नकाशात नसलेल्या पाइपाची दुरुस्ती त्यांनी कशाखाली दाखवली, ते कुणी विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी कबूल केल्याप्रमाणे ड्रायव्हर यंत्र घेऊन आला. डॉक्टर दवाखान्यात जायला निघाले होते. खोदाईच्या टेबलावरचा माणूस अक्कलदाढ घेऊन येणार होता.

“साहेब, आधी हा मधला ढीग जरासा काढतो,” ड्रायव्हर म्हणाला, “मग सगळं एकदम सपाट.”

डॉक्टरांनी ढिगाकडे पाहिलं. कवायतबाई ढिगाच्या माथ्यावर उभ्या होत्या, एका हातात काठी, दुसरा कमरेवर. तिथून त्यांना वकीलबाईंच्या भिंतीपलीकडचं सगळं दिसत होतं आणि वकीलबाईंनाही त्या दिसत होत्या. दोघींचं मोठमोठ्याने बोलणं चाललं होतं. कुंड्या उन्हात का ठेवल्या नाहीत, हा विषय होता.

“त्या खाली उतरल्या की विचारा,” डॉक्टर म्हणाले आणि आडव्या खांबावरून पाय टाकून दवाखान्याकडे चालू लागले.

ड्रायव्हर थोडा वेळ थांबला. मग आणखी थोडा वेळ. बाईंचा उतरायचा काही विचार दिसेना, तेव्हा त्याने इंजिन बंद केलं.